मिठाची बरणी आणि निळी डबी

मी एक जुनी, चिनी मातीची बरणी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी फार मत्सरी आहे. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुतेक वेळा स्वतःला गरीब, सोशिक आणि उपकारी म्हणवून घेतात. मी तसं म्हणणार नाही. माझ्या पोटात सदतीस वर्षं मीठ होतं आणि मिठापेक्षा जास्त जळफळाट होता. त्या जळफळाटात मी माझ्याच माणसाच्या जिवावर कशी उठले, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म भट्टीतला. खालचं अंग पिवळसर पांढरं, खांद्यापासून वर तपकिरी, आणि झाकणाला धरायला एक छोटी गाठ. शहागंजच्या बाजारात पेंढ्यात बसून मी गिऱ्हाइकाची वाट पाहत होते. तेव्हा सगळे या शहराला औरंगाबाद म्हणत. एक दिवस मनकर्णाबाई आल्या. लग्नाला जेमतेम महिना झाला होता. त्यांनी दहा-बारा बरण्या उचलून प्रत्येकीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. तडा गेलेल्या बरणीचा आवाज बद्द येतो. माझा आवाज खणखणीत आला. "हीच द्या," त्या म्हणाल्या. शेजारच्या दोघी बरण्यांकडे मी तेव्हा ज्या तोऱ्यात पाहिलं, ते आठवून आता लाज वाटते.

पडेगावच्या घरी त्यांनी मला धुतलं, दोन दिवस कडक उन्हात वाळवलं, मीठ भरलं आणि चुलीच्या उजव्या हाताला ठेवलं. ती जागा मानाची. त्या घरात ताट वाढायला सुरुवात माझ्यापासून होई. ताटाच्या वरच्या कडेला मधोमध चिमूटभर मीठ, मग लिंबाची फोड, मग चटणी आणि मग बाकी सगळं. पाहुणा कितीही मोठा असो, त्याच्या ताटात पहिली मी. पुढे चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली. मग मिक्सर आला, तेव्हा सगळे त्याच्याभोवती जमले आणि मी आठ दिवस आतून धुमसत होते. लोणच्याच्या बरणीला त्या स्वच्छ फडक्याचा दादरा बांधायच्या, मला नाही. तेही मला खुपायचं. पण जेवणाची वेळ झाली की मनकर्णाबाईंचा हात सवयीनं माझ्याकडे यायचा आणि माझा राग निघून जायचा.

त्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवत. तिथं तपासणीला साहेब आले की कोणत्या डब्यात काय आहे आणि कधीचं आहे, ते दाखवावं लागे. म्हणून मालाची पिशवी फोडली की तिच्यावरचं नाव आणि तारीख कापून तो तुकडा त्याच डब्यात टाकायचा, अशी तिथली रीत होती. ती सवय त्यांनी घरीही आणली. साखरेच्या डब्यात साखरेचं नाव, माझ्या तळाशी मिठाचं. निवृत्त झाल्या तरी ती सवय सुटली नाही. त्यांचे यजमान पुंडलिकराव यावरून त्यांना चिडवत, "अगं, घरी कोणता साहेब येणार हाय तपासायला?" मित्रांनो, हा कागदाचा तुकडा लक्षात ठेवा.

दोन वर्षांपूर्वी मनकर्णाबाईंना धाप लागू लागली. बसथांब्यापासून घरापर्यंत येताना त्या तीनदा थांबत. पाय इतके सुजले की चपलेत जाईनात. आडवं झालं की गुदमरायला होई, म्हणून तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायच्या. शेवटी दवाखान्यात आठ दिवस काढले. रक्तदाब बरीच वर्षं वाढलेला होता आणि हृदय दमलं होतं, अंगाला पुरेसं रक्त पोचवत नव्हतं. घरी आल्या त्या एक जाड फाईल, गोळ्यांची पाकिटं आणि एक डबी घेऊन.

निळी, प्लास्टिकची, हलकी डबी. आठवड्याच्या सात दिवसांचे सात खण, प्रत्येकाला वेगळं झाकण. ओल आणि शेगडीची धग लागू नये म्हणून तिला स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच्या फळीवर ठेवलं, अगदी माझ्या नजरेसमोर. आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं म्हणून मला शेगडीजवळून उचलून वरच्या फडताळात बसवलं. सवत घरात आली की काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

सगळ्यात जास्त झोंबलं ते पुंडलिकरावांचं वागणं. ते एसटीत कंडक्टर होते. बरीच वर्षं फर्दापूरच्या गाडीवर होते. गाडी वेळेवर सुटलीच पाहिजे, हा त्यांचा बाणा. पण घरात या माणसानं कधी स्वतःच्या हातानं पाणी घेतलं नव्हतं. तेच आता रोज सकाळी आठच्या ठोक्याला पाण्याचा पेला भरून आणत, डबीचा त्या दिवसाचा खण उघडत. टक! पूर्वी तिकिटाला भोक पाडताना जसा आवाज येई तसाच. गोळी बायकोच्या तळहातावर ठेवत आणि गिळेपर्यंत समोर उभे राहत. माझ्यासाठी ते एकदा तरी असे उभे राहिले होते का? मीठ कमी पडलं तर बसल्या जागेवरून हाक मारायचे.

खरं बोलायचं तर त्या गोळ्यांनी गुण दिला. महिन्याभरात पायांची सूज उतरली, दोन उशा कमी झाल्या, मनकर्णाबाई भाजी आणायला जाऊ लागल्या. हे मला दिसत होतं, पण मी मान्य करत नव्हते. एकदा त्यांनी मशीनवर रक्तदाब पाहिला आणि म्हणाल्या, "अवो, बीपी तर बरोबर आलंय. मग आता गोळी कशाला?" माझ्या आशा पालवल्या. पण पुंडलिकराव म्हणाले, "बरोबर आलंय ते गोळीमुळंच. ब्रेक चांगले लागतेत म्हणून कुणी ब्रेक काढून ठेवतं व्हय?" टक! खण उघडला. मी पुन्हा धुमसत बसले.

मनकर्णाबाईंना मात्र एक दुःख होतं आणि ते फक्त मला समजत होतं. शेकडो मुलांनी ज्यांच्या हातची खिचडी बोटं चाटत खाल्ली, त्यांना आता स्वतःचीच आमटी घशाखाली उतरत नव्हती. "चवच गेली माझ्या हाताची," असं त्या भांड्यांशी बोलत आणि वर फडताळाकडे पाहत. मीही वरून त्यांच्याकडे पाहत असे.

अशात एक दिवस केसरबाई आल्या. या त्यांच्या जुन्या मैत्रीण, शाळेत दोघी एकाच चुलीवर होत्या. मायाळू बाई, पण सल्ला द्यायला कायम उतावळ्या.

"जयभीम, मनकर्णा! हे बघ काय आणलंय तुला," म्हणत त्यांनी पिशवीतून मिठाचा पुडा काढला. "सोडियम कमी असलेलं मीठ हाय. बीपीवाल्यांसाठीच निघालंय. आमच्या मालकांनाबी बीपी हाय, घरी हेच चालतं. खा आता बिनघोर."

"डॉक्टरीणबाईला इचारावं लागंल का गं?"

"मीठ तर हाय. औषध थोडंच हाय इचारायला?"

मनकर्णाबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी त्या अशा हसल्या. त्यांनी मला खाली घेतलं, धुतलं, वाळवलं, सवयीप्रमाणे पुड्यावरचं नाव, त्याखालच्या बारीक अक्षरांसकट, कापून तळाशी टाकलं आणि वर ते मीठ भरलं. मग मला पुन्हा शेगडीच्या उजव्या हाताला ठेवलं. मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. मी दाराबाहेरच्या त्या निळ्या डबीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बघ, माझी जागा मला मिळाली, तू बस तिथंच.

ते मीठ जरा वेगळं होतं. किंचित कडवट, जिभेला लागेल असं काहीतरी त्यात होतं. मी जन्मभर मीठ सांभाळलं आहे, मला ते पहिल्याच दिवशी जाणवलं. मला बोलता येत नाही हे खरं. पण बोलता आलं असतं तरी तेव्हा मी बोलले नसते.

आणि हे 'आपल्या पथ्याचं' मीठ आहे म्हटल्यावर मनकर्णाबाईंचा हात सैल सुटला. आमटीत, भाकरीच्या पिठात, काकडीवर, वर पुन्हा ताटात. पुंडलिकरावही खूश, कारण बायको पोटभर जेवत होती. महिनाअखेरीस रक्त तपासायचं होतं. तो कागद डबीखाली दाबून ठेवलेला होता. "आता तर मीठपण सुधारलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "कशाला सुई टोचून घ्यायची? पुढच्या महिन्यात बघू." आयुष्यात कधी वेळ न चुकवणारे पुंडलिकराव त्या एका वेळेला ऐकून गेले.

तीन आठवड्यांनी त्यांना पाय जड वाटू लागले. ओट्याशी उभं राहिलं की पायांत बळ नाही असं व्हायचं. मग एका दुपारी भाकरी थापता थापता त्या खाली बसल्या आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "अवो, इथं कायतरी चुकतंय. ठोका पडतो, मग पडतच नाय." पीठ तसंच परातीत राहिलं. मुलगा बुद्धभूषण वाळूजच्या कंपनीतून धावत आला आणि दोघांनी मिळून त्यांना दवाखान्यात नेलं. शेगडी विझवली होती की नाही, ते पाहायला पुंडलिकराव दारातून एकदा परत आले आणि माझ्याकडे न पाहता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक घरी आले ते कपडे न्यायला. रक्तात पोटॅशियम नावाचा क्षार फार वाढला होता आणि त्यानं हृदयाची लय बिघडली होती. इलाज चालू होता, पण तो वाढला कशानं ते कुणाला कळत नव्हतं. बुद्धभूषण तरुण रक्ताचा. त्यानं फळीवरची निळी डबी उचलली.

"ह्या गोळ्यांनीच केलं सगळं, पप्पा. लई पावरच्या हायेत. बंद करा आजपासून." आणि त्यानं डबी कचऱ्याच्या बादलीत टाकली.

मी खोटं सांगणार नाही. डबी बादलीत पडल्याचा आवाज ऐकून मला जो आनंद झाला, तसा शहागंजच्या बाजारात निवड झाली तेव्हाही झाला नव्हता. मनकर्णाबाई दवाखान्यात पडल्या होत्या आणि मी खूश होते. इतक्या खालच्या पातळीला मी गेले होते.

पुंडलिकरावांनी वाकून डबी बाहेर काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली. "डॉक्टरनी सांगितल्याबिगर काय बी बंद नाय करायचं. ह्याच गोळ्यांनी ती दोन वर्षं चालतीबोलती राहिली." तेवढ्यात दवाखान्यातून करुणा सिस्टरचा फोन आला. त्या म्हणत होत्या, "काका, काकू जे जे खातात ते सगळं घेऊन या. गोळ्या, काढा, गुडघेदुखीची गोळी असेल तर ती, शक्तीची पावडर, मीठसुद्धा. काहीच सोडू नका."

पुंडलिकराव शब्दाला शब्द धरणारे. मीठसुद्धा म्हटलं म्हणजे मीठसुद्धा. पुडा तर फेकून दिलेला होता. मग त्यांनी मलाच उचललं आणि कापडी पिशवीत घातलं. आणि माझ्या शेजारी त्या निळ्या डबीला बसवलं.

मित्रांनो, पडेगाव ते दवाखाना हा रिक्षाचा प्रवास मी विसरणार नाही. प्रत्येक गतिरोधकाला ती माझ्या अंगावर आदळत होती. आत त्या दिवसाची गोळी तशीच खुळखुळत होती, कारण आज ती द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवणार होते. इतक्या जवळून मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. तिच्या झाकणांवरची वारांची नावं पुंडलिकरावांच्या अंगठ्यानं पुसट झाली होती.  

दवाखान्यात करुणा सिस्टरनी टेबलावर सगळं मांडलं. गोळ्या एकेक करून कागदाशी ताडून पाहिल्या. सगळ्या बरोबर होत्या. डबीत एकही गोळी कमी नाही, एकही जास्त नाही. मग त्यांनी माझं झाकण काढलं.

"हे मीठ कोणतं, काका?"

"ते तर तिच्या पथ्याचंच हाय, ताई. बीपीवाल्यांचं."

सिस्टरचा हात थांबला. "पुडा आहे का? त्याच्यावर काय लिहिलंय ते बघायला हवं."

पुडा नव्हता. बुद्धभूषण पुन्हा म्हणू लागला, "मिठानं काय व्हतंय सिस्टर? गोळ्याच बंद करा आणि सोडा आम्हाला." पलीकडे पडद्याआड मनकर्णाबाई पडल्या होत्या. त्यांच्या छातीला तारा लावलेल्या होत्या आणि यंत्राचा आवाज मधेच चुकल्यासारखा येत होता. आणि मला कळलं. ते माझ्यातून गेलं होतं. डबीतून नाही, माझ्यातून. रोज चिमटीचिमटीनं, माझ्या मानाच्या जागेवरून.

पुंडलिकराव एकदम उभे राहिले. "थांबा. तिची सवय हाय. नाव कापून बरणीत टाकते ती!" त्यांनी माझ्यात हात घातला, पण माझी मान अरुंद, हात मनगटाशी अडकला. मग त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि मला उलटं केलं. सगळं मीठ खाली आलं. कागद आला नाही. तो तळाशी चिकटला होता. मित्रांनो, क्षणभर मला वाटलं, तो तसाच चिकटून राहावा. कागद निघाला नाही तर दोष त्या निळ्या डबीवर जाईल, तिला घरातून घालवतील, आणि मी परत शेगडीजवळ बसेन. मग त्या यंत्राचा आवाज पुन्हा चुकला. पुंडलिकरावांनी माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या. मी कागद धरून ठेवला नाही, एवढंच मी केलं.

चुरगळलेला तुकडा मिठाच्या ढिगावर पडला. करुणा सिस्टरनी तो उजेडात धरून नावाखालची बारीक अक्षरं वाचली. पोटॅशियम क्लोराइड.

डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी बापलेकांना समजावून सांगितलं. या मिठात सोडियम कमी करायचं म्हणून पोटॅशियम घातलेलं असतं. मनकर्णाबाईंच्या गोळीमुळे शरीरातलं पोटॅशियम बाहेर जाण्याचं प्रमाण कमी होतं. वरून असं मीठ खाल्लं की ते साचत जातं आणि हृदयाची लय बिघडवतं. महिनाअखेरीस रक्त तपासलं असतं तर ते तेव्हाच कळलं असतं. "आणि गोळी थांबवायची का, किती दिवस, पुन्हा कधी सुरू करायची, ते मी ठरवीन," त्या बुद्धभूषणकडे पाहून म्हणाल्या. "घरी कुणी ठरवायचं नाही." बुद्धभूषण मान खाली घालून उभा राहिला. मलाही मान खाली घालता आली असती तर मी घातली असती.

पाच दिवसांनी मनकर्णाबाई घरी आल्या. केसरबाई भेटायला आल्या आणि दारातच रडू लागल्या. मनकर्णाबाईंनी त्यांना बसवून घेतलं. "तू मायेनं दिलंस. मी इचारलं नाय, ती चूक माझी. पण तुझ्या मालकाच्या डॉक्टरला आजच इचार, त्यांना ते मीठ चालतं का." केसरबाई चहा न घेताच उठल्या आणि घरी गेल्या.

मला वाटलं होतं, आता मला भंगारात देतील. पण मनकर्णाबाईंनी मला घासलं, उन्हात ठेवलं आणि पुसता पुसता म्हणाल्या, "तुझा काय दोष? जे भरलं तेच तू दिलं." त्यांना माझ्या मनातलं माहीत नव्हतं. म्हणून ते बोलणं मला जास्त लागलं.

आता रोज सकाळी पुंडलिकराव माझ्यात साधं मीठ टाकतात. डॉक्टरांनी मनकर्णाबाईंपुरतं जेवढं सांगितलं तेवढंच, एका चिमुकल्या चमच्यानं, वरून बोट फिरवून. दिवसभराचं मीठ तेवढंच. दोन किलो मीठ पोटात बाळगणाऱ्या माझ्या तळाशी आता ते दिसतसुद्धा नाही. मला बसवलंय त्याच फळीवर, निळ्या डबीच्या शेजारी. तिच्याखाली रक्त तपासायच्या तारखेचा कागद असतो. मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. पुंडलिकराव पाण्याचा पेला घेऊन येतात तेव्हा माझ्या पोटात अजून दुखतं.

पण गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली. फर्दापूरला नात्यातला साखरपुडा होता. पहाटेची गाडी धरायची म्हणून दोघांची धांदल उडाली. कपडे, आहेर, पाण्याची बाटली, सगळं घेतलं. दाराला कुलूप लागलं. पावलं दूर गेली. आणि मी पाहिलं तर निळी डबी माझ्या शेजारीच होती.

तीन दिवसांचा मुक्काम होता. मित्रांनो, ज्या डबीला घालवायला मी टपले होते, तिच्यासाठी मी त्या पहाटे आकांत केला. सदतीस वर्षांत मला पहिल्यांदा आवाज हवा होता. मी मातीची, मी काय करणार? तीन उशा, सुजलेले पाय, पडद्याआडचं ते यंत्र, सगळं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

मग कुलपात किल्ली फिरली. मनकर्णाबाई आत आल्या, थोड्या दमलेल्या. त्यांनी फळीवर हात टाकला आणि डबी उचलली.

"सावकाश, मनकर्णे, सावकाश," दारातून पुंडलिकराव म्हणाले. जन्मभर घड्याळ बघून घंटी मारणारा तो माणूस उंबऱ्यावर शांत उभा होता. "गाडी चुकली तर चुकली. दुसरी मिळंल."

माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी डबी असेल. आजीची, बाबांची, कुणाची तरी. बरं वाटलं म्हणून ती बंद करू देऊ नका आणि रक्त तपासायची तारीख पुढे ढकलू देऊ नका. डॉक्टर विचारतील तेव्हा गोळ्या दाखवाच, पण आमच्यासारख्या बरण्याही दाखवा. आम्ही स्वतःहून सांगत नाही. ते तीन दिवस मी फळीवर एकटी होते. आठ वाजले की कान लावून बसायचे. आवाज येणार नाही हे माहीत होतं. चौथ्या दिवशी सकाळी दोघं घरी होते, पेला भरला गेला आणि माझ्या अगदी शेजारी तो आवाज आला. टक!